परदेशप्रवेशाची बंदी आणि तिच्याविरुद्ध दाद

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी शाळा सुटल्यावर आमचा एक माजी विद्यार्थी घडी घातलेले दोन कागद घेऊन आमच्याकडे आला. वर्गात असताना युरोपच्या कोऱ्या नकाशात देश भरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शाळा सोडून त्याला आठ-नऊ वर्षे झाली होती. मध्यंतरी तो पोर्तुगालला गेल्याचे आमच्या कानांवर आले होते. आमच्या कोंकणीत परदेशी गेलेल्या माणसाविषयी ‘तो भायर आसा’ एवढेच म्हणतात. कोठे, कशासाठी, किती दिवस, हे सारे त्या एका ‘भायर’ शब्दात सामावते. हा भायर गेलेला मुलगा आता परतला होता, आणि तो आपण होऊन परतला नव्हता.

“सर, ह्या कागदांनी कितें बरयलां तें म्हाका कळना,” तो म्हणाला. कागद पोर्तुगीज भाषेत होते. आमचे पोर्तुगीजचे ज्ञान गावातील जुन्या पाट्यांपलीकडे जात नाही. परंतु त्याचे आजोबा १९६१ पूर्वी पोर्तुगीज प्राथमिक शाळेत शिकलेले, हे आम्हांस ठाऊक होते. त्यांना का दाखविले नाहीस, असे विचारताच मुलाने मान खाली घातली. काम संपले म्हणून आलो, असे त्याने घरी सांगितले होते. ज्याला वाचता येत होते त्याच्यापासूनच कागद लपविले गेले होते, आणि कागदाच्या तळाशी छापलेली मुदत मात्र कोणाचीही वाट न पाहता सरत होती.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे आजोबांपुढे जाऊन बसलो. त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून प्रथम दुसरा कागद वाचला. ‘इंतर्दिसांव द एंत्राद’, म्हणजे प्रवेशबंदी, तीन वर्षे. मग पहिला कागद वाचला, आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, “पयलो कागद वायट नाशिल्लो मरे.” पहिला कागद वाईट नव्हता! ठरावीक दिवसांच्या आत आपल्या पायांनी देश सोडून जा, एवढेच त्यात म्हटले होते. तो कागद मुलाने ज्याला दाखविला त्या दलालाने ‘असले कागद येतच असतात’ असे सांगून त्याला कामावर परत धाडले होते. दुसऱ्या कागदाविरुद्ध दाद मागण्याची मुदत आम्ही तो वाचण्याच्या चार दिवस आधी संपली होती.

आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे आईबाप, काका, मामा भायर आहेत, आणि आज बाकांवर बसलेल्यांपैकी पुष्कळजण उद्या जातील. म्हणून हा विषय वार्षिकात मांडावा असे आम्हांस वाटले.

मुळात परक्या देशात शिरण्याचा हक्क कोणासही नसतो, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी जो मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या तेराव्या कलमात कोणताही देश सोडून जाण्याचा आणि स्वतःच्या देशात परत येण्याचा हक्क सांगितला आहे. दुसऱ्याच्या देशात प्रवेश करण्याचा हक्क त्यात नाही. दार ज्याचे, कडी त्याची. तथापि कडी घालणाऱ्यानेही ती स्वतःच केलेल्या कायद्यानुसारच घातली पाहिजे. कारण सांगितले पाहिजे, लेखी सांगितले पाहिजे, आणि ते कारण चुकीचे असल्यास ऐकून घेणारा कोणी नेमला पाहिजे. दाद मागावयाची ती या जागी. ‘मला आत घ्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘मला नाकारताना तुम्ही आपलाच नियम मोडला आहे’ असे दाखविण्यात तिचे बळ असते.

‘मला बंदी झाली’ असे लोक सरसकट म्हणतात. परंतु नकार तीन जातींचे आहेत, आणि एकावरचे औषध दुसऱ्यास लागू पडत नाही. वकिलातीने व्हिसा नाकारला, हा पहिला. ही बंदी नव्हे. कारण दूर झाले की दुसऱ्या दिवशीही नवा अर्ज करता येतो. व्हिसा असूनही विमानतळावर सीमेच्या अधिकाऱ्याने माघारी पाठविले, हा दुसरा. हीदेखील आपोआप बंदी होत नाही. तिसरी ती खरी प्रवेशबंदी: अमुक वर्षे या भूमीवर पाऊल ठेवावयाचे नाही, असा नाव घालून काढलेला हुकूम. आमच्या गावात पहिल्या प्रकारचा नकार मिळालेली माणसे बंदी झाल्याच्या समजुतीने वर्षानुवर्षे घरी बसलेली आम्ही पाहिली आहेत, आणि तिसऱ्या प्रकारची बंदी असलेला मनुष्य नव्या अर्जाचे पैसे पुन्हा पुन्हा भरीत राहिलेलाही पाहिला आहे.

येथे पोर्तुगालपुरते पाहून भागत नाही. लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या खेड्यात १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी करार केला, आणि आपापसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू उठवीत नेली. २६ मार्च १९९५ रोजी ही व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा पोर्तुगाल तीत होता. २०२५ च्या आरंभी रुमानिया व बल्गेरिया पूर्णपणे सामील झाल्यानंतर या गटात २९ देश आहेत. एकाच वाड्यातील २९ बिऱ्हाडे आणि बाहेरचा दरवाजा एक, असे हे चित्र आहे. त्यामुळे एका बिऱ्हाडाने घातलेली बंदी साऱ्या वाड्याला लागू होते. लिस्बनने नाकारलेला मनुष्य ‘मग पॅरिसमार्गे जातो’ म्हणू लागला, तर त्याला वाड्याची रचनाच कळलेली नाही असे समजावे.

आता गणित. आमच्या विद्यार्थ्याचा पाय जेथे प्रथम घसरला ती जागा हीच, म्हणून येथे थोडे थांबतो. त्याच्या व्हिसावर ५ एप्रिल ते १९ मे अशा दोन तारखा होत्या. म्हणजे ४५ दिवस. पण त्याखालच्या लहानशा चौकटीत मुक्कामाचे दिवस ३० असे छापले होते. दोन तारखा सांगतात ती व्हिसाची मुदत. प्रवास थोडा पुढेमागे झाला तर अडचण पडू नये म्हणून तीत सामान्यतः १५ दिवसांची सवलत अधिक धरलेली असते. राहण्याचे दिवस चौकटीतले, आणि मुलाने ती चौकट वाचलीच नव्हती. अनेक वेळा ये-जा करण्याचा व्हिसा असेल तर आणखी एक नियम पाहावा लागतो: कोणत्याही १८० दिवसांच्या अवधीत एकूण ९० दिवसच राहता येते, आणि येण्याचा दिवस व जाण्याचा दिवस हे दोन्ही मोजले जातात. समजा, एखादा १ जानेवारी २०२५ ला गेला व १ मार्चला परतला. त्याचे ६० दिवस झाले. तो १ मे रोजी पुन्हा गेला. पुष्कळांना वाटते की नवे ९० दिवस मिळाले. वस्तुतः मागील १८० दिवसांत ते साठही येतात, म्हणून उरले तीसच. ३१ मे उजाडला की तो मनुष्य बेकायदा ठरतो. आणि तेही ऑगस्टपर्यंतचा व्हिसा खिशात असताना! पूर्वी पासपोर्टावरचे शिक्के पाहून अधिकारी हा हिशेब हाताने करीत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून येण्याजाण्याची नोंद यंत्रावर घेण्यास आरंभ झाला आहे, आणि यंत्र बेरजेत चुकत नाही.

मुदत ओलांडून राहिलेल्यास परत पाठविण्यासंबंधी युरोपीय संघाचा २००८ सालचा निर्देश आहे. त्यात पहिली पायरी सौम्य ठेवली आहे. सर्वसाधारणपणे ७ ते ३० दिवसांची मुदत देऊन मनुष्याला स्वतःहून निघून जाण्याची संधी द्यावयाची. ती न पाळल्यास, किंवा पळून जाण्याची भीती वगैरे कारणांनी ती दिलीच नसल्यास, प्रवेशबंदी घालावीच लागते. बंदी किती वर्षांची हे त्या माणसाच्या एकंदर परिस्थितीवरून ठरवावे, आणि सामान्यतः ती पाच वर्षांहून अधिक नसावी; सार्वजनिक सुव्यवस्थेस वा राष्ट्राच्या सुरक्षिततेस गंभीर धोका असेल तरच अधिक. शिवाय मुदतीत निघून गेल्याचे जो सिद्ध करील त्याची बंदी मागे घेण्याचा वा स्थगित करण्याचा विचार करणे त्या देशास भाग आहे. आजोबा ‘पहिला कागद वाईट नव्हता’ म्हणाले ते किती खरे होते, हे आम्हांस मागाहून हा निर्देश वाचताना कळले.

त्याच निर्देशात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि दलाल त्या कधी सांगत नाहीत. हुकूम लेखी असला पाहिजे, त्यात घडलेली हकीकत व कायद्याचे कारण ही दोन्ही असली पाहिजेत, आणि दाद कोठे मागावी हेही लिहिलेले असले पाहिजे. मनुष्याने मागणी केल्यास हुकुमाचा मुख्य भाग त्याला समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याने ही मागणी केली नाही. उलट समजल्याप्रमाणे मान डोलावून सही केली. परक्या कचेरीत ‘मला कळले नाही’ असे म्हणण्याची आपल्या मुलांना लाज वाटते. दोष त्यांच्याकडे थोडा, आमच्यासारख्या शिक्षकांकडे अधिक. वर्गात ‘कळले का?’ असे विचारून ‘हो’ ऐकण्याची सवय आम्हीच लावलेली आहे.

बंदीची वर्षे कोणत्या दिवसापासून मोजावयाची, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. नेदरलँड्समधील एका माणसावर २००२ साली दहा वर्षांची बंदी घातली गेली होती. तो देश सोडून गेलाच नाही, आणि दहा वर्षे उलटल्यावर बंदी संपली असे म्हणू लागला. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २६ जुलै २०१७ रोजी निर्णय दिला की, मनुष्य प्रत्यक्ष त्या भूमीबाहेर पडेल त्या दिवसापासूनच बंदीचे दिवस मोजावयाचे. हुकुमाची तारीख नव्हे, सहीची नव्हे. विमान सुटले ती तारीख. म्हणून निघताना मिळालेला शिक्का, तिकीट, विमानात बसताना फाडून मिळालेला तुकडा, हे सारे जपून ठेवावे.

प्रत्यक्षात बंदी नांदते ती एका वहीत. शेंगेन देशांची एक सामाईक माहितीवही आहे. तिचे मुख्य यंत्र फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे आहे. ज्याला आत घ्यावयाचे नाही त्याचे नाव एखादा देश तीत घालतो, आणि २९ देशांच्या सीमांवर ते दिसते. तीत बोटांचे ठसेही असतात, म्हणून ‘नवा पासपोर्ट काढ, सगळे पुसले जाते’ हा सल्ला निव्वळ फसवणूक आहे. नोंद ज्या देशाने केली त्यालाच ती बदलता किंवा पुसता येते.

आणि वही फार लांब स्मरणाची असते. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव आपल्या वाचकांस ठाऊक असेल. वऱ्हाड-नागपुराकडचा हा क्रांतिकारक गदर चळवळीत वावरला, पुढे मेक्सिकोत शेतकी शास्त्रज्ञ म्हणून नावाजला. ज्या स्वातंत्र्यासाठी घरदार सोडले ते १९४७ साली आले. त्यानंतर त्यांनी मायदेशी येण्याची परवानगी मागितली, तेव्हा ब्रिटिश अमदानीत घातलेल्या बंदीमुळे ती आरंभी नाकारण्यात आली! पुढे तो निर्णय फिरला आणि ते नागपुरास येऊन राहिले. राज्य गेले, वही राहिली. ती लिहिणाऱ्यांचा हेतू संपला तरी कोणी नाव खोडले नव्हते, एवढेच त्याचे कारण.

सुदैवाने आजच्या युरोपीय वहीत आपल्याविषयी काय लिहिले आहे हे विचारण्याचा हक्क ज्याचे त्याला आहे, आणि त्यासाठी युरोपात असण्याची गरज नाही. ती वही वापरणाऱ्या कोणत्याही एका देशाच्या नेमलेल्या कचेरीस सही केलेले पत्र व पासपोर्टाची प्रत पाठवावी. याला शुल्क पडत नाही, आणि उत्तर साधारणतः महिन्याभरात द्यावयाचे असते. सुरक्षेच्या कारणास्तव काही माहिती रोखता येते, हे खरे. परंतु सामान्य माणसाच्या बाबतीत नोंद कोणाची, कशासाठी आणि किती मुदतीची हे बहुधा कळते. नोंद चुकीची असेल, नामसाधर्म्याने दुसऱ्याची आपल्या माथी आली असेल, किंवा मुदत संपूनही राहिली असेल, तर दुरुस्ती वा लोप मागता येतो. नकार मिळाल्यास त्या गटातील देशाच्या न्यायालयातही जाता येते. मुदत संपलेली नसली तरी अशा नोंदीची गरज उरली आहे की नाही याचा फेरविचार सामान्यतः तीन वर्षांच्या आत करण्याचे बंधन नोंद करणाऱ्या देशावर आहे.

व्हिसाच्या नकारासंबंधी २४ नोव्हेंबर २०२० चा युरोपीय न्यायालयाचा एक निर्णयही उपयोगी आहे. नेदरलँड्सने दोघांना व्हिसा नाकारताना ‘कोणा एका सदस्य देशाचा आक्षेप आहे’ एवढेच कळविले होते. न्यायालयाने म्हटले की, आक्षेप कोणत्या देशाचा आणि कोणत्या कारणाने, हे अर्जदाराला सांगितले पाहिजे. नाहीतर त्याने दाद मागावयाची ती कोणापाशी? आमच्या मते यापेक्षा साधा न्याय दुसरा नसेल, आणि तरीही तो मिळविण्यासाठी दोन माणसांना इतके दूर जावे लागले.

दादीचा अर्ज कसा लिहावा? आमच्याकडे पालक जे मसुदे तपासण्यास आणतात त्यांत निम्मा मजकूर दुःखाचा असतो: आई आजारी, कर्ज डोक्यावर, धाकटी बहीण लग्नाची. हे खोटे नसते. पण देवळात घालावयाचे गाऱ्हाणे निराळे आणि कायद्यापुढे मागावयाची दाद निराळी. कागदावर जे कारण छापले आहे त्याचेच उत्तर दिले पाहिजे. सीमेवर परत पाठविताना देण्याच्या छापील नमुन्यात कारणे अक्षरवारीने दिलेली असतात: पासपोर्ट वैध नाही, प्रवासाचा हेतू पटविणारे कागद नाहीत, ९० दिवस आधीच झाले आहेत, जवळ पुरेसा पैसा नाही, वहीत नाव आहे, इत्यादी. हेतूच्या कारणाला उत्तर म्हणून बँकेचे पुस्तक जोडणे म्हणजे इतिहासाच्या प्रश्नाला भूगोलाचे उत्तर लिहिणे होय. तीन वर्षांची बंदी पाच दिवसांच्या चुकीसाठी घातली असेल तर शिक्षा दोषाच्या मानाने जड आहे, असे म्हणता येते. तेथे पत्नी वा मुले राहत असतील तर कुटुंबाचा विचार झाला नाही, असे म्हणता येते. तारखा चुकीच्या मोजल्या असतील तर त्या मांडून दाखविता येतात. आईचे आजारपणही सांगावे, पण डॉक्टरांच्या दाखल्यासह, आणि हुकुमातील कारणाचे उत्तर देऊन झाल्यावर. दाद मागितल्याने सीमेवरचा नकार तेवढ्यापुरता थांबत नाही, हेही लक्षात असावे. मुदत किती, हे देशागणिक निराळे असते. ती कागदावरच छापलेली असते. आपल्या वकिलातीला दुसऱ्या देशाचा हुकूम रद्द करता येत नाही, म्हणून तिला पत्रे लिहिण्यात ते दिवस घालवू नयेत.

गोव्यातील काही घरांत एक निराळी परिस्थिती असते: नवऱ्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले आणि बायको भारतीय, किंवा याच्या उलट. युरोपीय नागरिक स्वतःच्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल, तर त्याच्या जोडीदारास २००४ सालच्या एका निर्देशाचे अधिक भक्कम संरक्षण आहे. अशा व्यक्तीला सुव्यवस्थेच्या नावाखाली अडवावयाचे तर तिच्या स्वतःच्या वर्तनापासून खरा, सध्याचा आणि पुरेसा गंभीर धोका दाखवावा लागतो. त्या कारणाने बंदी घातलीच, तर ती उठविण्याचा अर्ज निदान तीन वर्षांनी तरी करता येतो, आणि सहा महिन्यांत उत्तर मिळावयास हवे. स्पेनने आपल्या नागरिक स्त्रियांच्या दोन अल्जीरियन पतींना केवळ सामाईक वहीत नाव आहे म्हणून अडविले होते; धोका न तपासता तसे करणे चुकीचे, असे न्यायालयाने ३१ जानेवारी २००६ रोजी ठरविले.

इतर देशांचे नियम याहून वेगळे आहेत, आणि एकाचे ज्ञान दुसरीकडे चालविणे धोक्याचे. अमेरिकेत १८० दिवसांहून अधिक पण वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून निघून गेलेल्यास तीन वर्षे, आणि वर्ष किंवा अधिक राहिलेल्यास दहा वर्षे प्रवेश बंद होतो. तेथे व्हिसासाठी महत्त्वाच्या गोष्टीत खोटे सांगितल्यास बंदी आजन्म असते. तीतून सूट मिळविण्याची वाट फार अरुंद आहे. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केल्यास दहा वर्षे. पाहा, अधिक दिवस राहिल्याची बंदी कधीतरी संपते. तिच्यावर पांघरूण घालण्यासाठी बोललेले खोटे मात्र तिच्याहून लांब टिकते. ‘यापूर्वी तुम्हांस कोणी नाकारले आहे काय?’ या अर्जातील प्रश्नापुढे दलाल बेधडक ‘नाही’ अशी खूण करतात. सही मात्र मुलाची असते.

आमच्या विद्यार्थ्याची दाद मागण्याची मुदत गेली ती गेलीच. लिस्बनमधील एका वकिलाला आम्ही कागद पाठविले; त्यांनीही तेच सांगितले, आणि पैसे घेतले नाहीत. (जुन्या कागदांवर ‘सेफ’ या खात्याचे नाव असते; ते खाते २९ ऑक्टोबर २०२३ रोजी बंद झाले, आणि परदेशी लोकांच्या वास्तव्याचे काम आता ‘आयमा’ नावाच्या कचेरीकडे आहे, हेही आम्हांस त्यांच्याकडूनच कळले.) मग वहीतील नोंद विचारणारे पत्र आजोबांनी स्वतः पोर्तुगीजमध्ये लिहिले. सुमारे महिन्याभराने उत्तर आले. बंदी तीन वर्षांची, आणि ती लिस्बन सोडल्याच्या दिवसापासून. दलालाने मुलाला हुकुमाच्या तारखेपासून हिशेब करून दिला होता, तो दोन महिने अलीकडचा निघाला. त्या हिशेबाने तो तिकीट काढून गेला असता, तर विमानतळावरूनच परत आला असता.

खरी तारीख आजोबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. त्या दिवसानंतर नोंद पुसली गेली की नाही हे पुन्हा पत्र लिहून विचारावयाचे, आणि मगच नवा अर्ज. त्यात आधीची बंदी लपवावयाची नाही, असे घरात ठरले आहे. मुलगा सध्या म्हापशाला एका गॅरेजमध्ये काम करतो. आजोबांकडे मात्र आता रविवारी सकाळी दोन-तीन घरची माणसे असले कागद घेऊन येतात. ते वाचून देतात, मुदतीच्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढतात, आणि हल्लीच्या पोर्तुगीजांनी शब्दांतील न उच्चारली जाणारी अक्षरे गाळून टाकल्याबद्दल दर वेळी नव्याने रागावतात.